पर्यावरण कायद्याचं गावशिबिर कसं घ्यावं : तालुक्यातल्या वकिलांसाठी, पहिल्या गावभेटीपासून पोच मिळेपर्यंत

वेळ अकराची, सुरुवात साडेबाराला. दीपप्रज्वलन, सत्कार, सत्काराला उत्तर. मग संविधानातल्या अनुच्छेद ४८क आणि ५१क यांचं वाचन. शेवटी मागच्या रांगेतले एक आजोबा उठतात. "साहेब, वरच्या कारखान्याचं पाणी ओढ्याला येतंय, गुरं तोंड लावत नाहीत. जायचं कुणाकडं?" व्यासपीठावरून उत्तर येतं, "तक्रार करा, कायदा तुमच्या बाजूनं आहे." टाळ्या, आभारप्रदर्शन, मसालेभात.

अशी उत्तरं मीही दिली आहेत. आजोबांनी विचारलं होतं, कुणाकडं. ते कुणीच सांगितलं नाही. वकील संघांची आणि विधी महाविद्यालयांची बहुतेक पर्यावरण शिबिरं इथंच फसतात, कारण तयारीचा क्रमच उलटा असतो: आधी पाहुणे ठरतात, मग तारीख, मग फलक, आणि विषय आदल्या रात्री. खालचा क्रम गावपातळीवरच्या, पन्नास ते शंभर माणसांच्या शिबिरासाठी आहे. हाताशी साधारण चार आठवडे हवेत.

टप्पा १ : आधी गावात जा, मग विषय ठरवा

शिबिराच्या तीन-चार आठवडे आधी दोघा वकिलांनी गावात एक सकाळ घालवायची. सरपंचांना भेटा, पण तिथंच थांबू नका. आशाताई, बचत गटाच्या अध्यक्षा, पाणीपुरवठ्याचा कर्मचारी, गुरं राखणारी किंवा मासे धरणारी माणसं यांच्याकडून जे कळतं, ते ग्रामपंचायतीच्या खुर्चीवर बसून कळत नाही. कारखान्यात गावातलीच चाळीस पोरं कामाला असतील, तर सरपंच त्या विषयावर फार बोलणार नाहीत. त्यांचीही अडचण समजून घ्या.

प्रत्यक्ष जागा बघा. ओढा कुठून येतो, गट नंबर कोणता, पाणी कोणत्या वेळी रंग बदलतं, उग्र वास रात्री येतो की पहाटे. हे वहीत तारखेसह लिहा. पुढं अर्ज लिहिताना हीच वही उपयोगी पडते.

मग एकच प्रश्न निवडा. "पर्यावरण संरक्षण व आपली कर्तव्ये" हा शाळेतल्या निबंधाचा विषय आहे, शिबिराचा नव्हे. "ओढ्यातलं पाणी दूषित झालं तर तक्रार कुठं आणि कशी करायची" हा शिबिराचा विषय.

तपासून घ्या: कोण, कुठं, कधीपासून, काय करतंय आणि कारवाईचा अधिकार कुणाचा, हे तुम्हाला तीन ओळींत लिहिता येतं का? येत नसेल तर गावात आणखी एक चक्कर मारा. तारीख अजून जाहीर करू नका.

टप्पा २ : प्रश्नाला कायदा आणि कायद्याला कार्यालय जोडा

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, आणि त्या गावकऱ्यांच्या नसतात, आपल्याच असतात. दिवाणी-फौजदारी चालवणाऱ्या वकिलाला पर्यावरण कायदा रोज लागत नाही. मग पाच वर्षांपूर्वीचं सादरीकरण पुन्हा उघडलं जातं.

त्या सादरीकरणात बहुधा लिहिलेलं असतं, "पर्यावरण संरक्षण अधिनियम १९८६, कलम १५ : पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड." हे आता चुकीचं आहे. जनविश्वास अधिनियम २०२३ मुळं हे कलम बदललं आणि बदल १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. आता न्यायनिर्णय अधिकारी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत शास्ती लावतो. वन (संवर्धन) अधिनियम १९८० चं नावही २०२३ च्या दुरुस्तीनं वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम झालं आहे. सार्वजनिक उपद्रव हटवण्यासाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ज्या कलम १३३ खाली आपण अर्ज करायचो, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ आहे. गावातला एखादा निवृत्त शिक्षक मोबाईलवर शोधून तुम्हाला भर सभेत दुरुस्त करेल. त्याआधी आपणच दुरुस्त झालेलं बरं.

आता नेहमीचे प्रश्न आणि त्यांचे पत्ते.

*ओढा, नदी, विहीर यांत सांडपाणी.* जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४. तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उप-प्रादेशिक कार्यालयाकडे, प्रत प्रादेशिक कार्यालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना. मंडळानं कारखान्याला दिलेलं संमतीपत्र आधी मिळवा. किती सांडपाणी, कोणत्या प्रतीचं, कुठं सोडायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. संमतीपत्र न वाचता केलेली तक्रार म्हणजे करारनामा न वाचता दाखल केलेला दावा.

*डीजे आणि भोंगे.* ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २०००. निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा सगळ्यांना पाठ असते. पण तक्रार कधी करता येते, हे नियम ७ मध्ये आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही: मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त आवाज असेल तर, किंवा रात्रीच्या वेळेच्या निर्बंधाचा भंग होत असेल तर. म्हणजे रात्री दहानंतर विनापरवाना भोंगा चालू असेल तर यंत्रानं आवाज मोजायची गरजच नाही. "आमच्याकडे मीटर नाही" हे उत्तर त्या वेळी लागू पडत नाही. हे लोकांना नीट सांगा.

*झाडतोड.* इथं दोन कायद्यांची सरमिसळ होते. महापालिका आणि नगरपालिका हद्दीत १९७५ चा नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा आणि वृक्ष प्राधिकरण. ग्रामपंचायत हद्दीत १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा, तोही परिशिष्टातल्या जातींपुरता. गावात जाऊन "वृक्ष प्राधिकरणाकडे हरकत घ्या" असं सांगणारे वकील मी पाहिले आहेत. त्या गावाला वृक्ष प्राधिकरणच नव्हतं.

*वाळू, मुरमाचा बेकायदा उपसा.* महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ४८, पोटकलम (७) आणि (८). अर्ज तहसीलदारांकडे, पंचनामा तलाठ्याचा. अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात, तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्यानुसार गौण खनिजाच्या खाणपट्ट्याआधी ग्रामसभेची शिफारस लागते. तिथं शिबिराचा निम्मा वेळ ठराव कसा लिहायचा यालाच द्या.

*प्रकल्पाची जनसुनावणी.* पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचना, १४ सप्टेंबर २००६. हरकतींसाठी किमान ३० दिवसांची नोटीस, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, आणि सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. ही शेवटची गोष्ट अधोरेखित करून सांगा. "आम्ही बहिष्कार टाकला, आता सुनावणी रद्द होईल" हा समज फार महागात पडतो. लोक आले नाहीत तरी सुनावणी झाली असंच धरलं जातं, आणि तुमची हरकत इतिवृत्तात येतच नाही.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं नाव घेण्याआधी

"हरित लवादात जा" हे शिबिरातलं सर्वांत आवडतं वाक्य. हा लवाद म्हणजेच पर्यावरणाचे वाद चालवणारं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. महाराष्ट्राबरोबर गोवा आणि गुजरातचीही प्रकरणं तिथंच येतात. हे वाक्य बोलण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा.

पहिली, अधिकारक्षेत्र. न्यायाधिकरणाच्या २०१० च्या अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत सातच कायदे आहेत: जल, जल उपकर, वन संवर्धन, वायू, पर्यावरण संरक्षण, सार्वजनिक दायित्व विमा आणि जैवविविधता. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ त्यात नाही, भारतीय वन अधिनियम १९२७ नाही, राज्याचे झाडांचे कायदेही नाहीत. माझ्या सुरुवातीच्या एका शिबिरात बिबट्यानं शेळ्या नेल्याची तक्रार आली आणि मी मोठ्या तोऱ्यात पुण्याचा पत्ता दिला. त्या माणसाला हवा होता तो वनरक्षकाचा पंचनामा, आणि तोही वेळेत. वन विभागाचा १९२६ हा फोन क्रमांक दिला असता तरी पुष्कळ झालं असतं.

दुसरी, मुदत. कलम १४ खालच्या अर्जाला वादाचं कारण प्रथम घडल्यापासून सहा महिने, पुरेसं कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस. कलम १५ खालच्या भरपाईला पाच वर्षं, वर ६० दिवस. परवानगीविरुद्धच्या कलम १६ च्या अपिलाला मात्र ३० दिवसच, वर ६० दिवस. पर्यावरण मंजुरीची बातमी वाचून दोन महिन्यांनी शिबिर ठेवलं, तर अपिलाची मूळ मुदत तुमच्या शिबिराआधीच संपलेली असते.

तिसरी, भाषा. न्यायाधिकरणाचं कामकाज इंग्रजीत चालतं. मराठी ठराव, पंचनामे, अर्ज यांची भाषांतरं लागतात. तो वेळ आणि खर्च लोकांना आधीच सांगा.

टप्पा ३ : तारीख, जागा, परवानगी

५ जून टाळा. जागतिक पर्यावरण दिन असला तरी गावात त्या आठवड्यात मृगाची वाट बघत मशागत, बी-बियाणं, खतं यांची धावपळ असते. फोटोत व्यासपीठ भरलेलं आणि सतरंजी रिकामी दिसते ती याच तारखेला. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचे दिवस बरे. आठवडी बाजाराचा दिवस, लग्नाची दाट तिथी, गावची जत्रा आणि ऊसतोडीला माणसं बाहेर जायचा हंगाम बघून घ्या. ९ नोव्हेंबर हा विधी सेवा दिन आहे. विधी सेवा प्राधिकरणाला तो सोयीचा पडतो आणि शेतकऱ्यालाही फारसा अडचणीचा नसतो.

तालुका विधी सेवा समितीला लेखी पत्र द्या. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम ४ (घ) मध्ये पर्यावरण संरक्षणासाठी सामाजिक न्यायाची प्रकरणं आणि त्यासाठी कार्यकर्त्यांना प्रशिक्षण, असा स्पष्ट उल्लेख आहे. पत्रात तो लिहा. समितीचं नाव आलं की विधी स्वयंसेवक मिळतात, सरकारी अधिकारी येतात, आणि शिबिर कुणा एका वकिलाचं राहत नाही.

जागा निवडताना फक्त पंखे मोजू नका. देवळाचा सभामंडप मोठा असतो, पण गावातली प्रत्येक वस्ती तिथं मोकळेपणानं येते का, हे विचारा. जिल्हा परिषदेची शाळा किंवा समाजमंदिर बहुधा बरं पडतं. शाळा असेल तर सुटीचा दिवस घ्या. वर्ग बंद करून पोरांना प्रेक्षक म्हणून बसवणं बरोबर नाही.

खबरदारी: १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलक १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. पर्यावरणाच्या शिबिराला तोच फलक आणि समोर प्लॅस्टिकचे पेले असतील, तर पहिला प्रश्न त्यावरच येईल आणि तो रास्त असेल. कापडी फलक रंगवून घ्या, तो पुढच्या गावीही चालतो.

टप्पा ४ : वक्ते निवडा, कागद तयार करा

दोन वक्ते पुरेत. एक कायदा सांगणारा, एक अर्ज लिहून दाखवणारा. तिसरी खुर्ची प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या किंवा तहसीलच्या अधिकाऱ्याची. त्यांना भाषणाला बोलवू नका, उत्तरं द्यायला बोलवा. प्रश्न आठ दिवस आधी लेखी कळवा. अचानक कोंडीत पकडलेला अधिकारी पुढच्या शिबिराला येत नाही, आणि तुमच्या अर्जांची फाईल त्याच्याच टेबलावर जाणार असते.

प्रत्येक वक्त्याला खासगीत विचारा, "त्या कारखान्याचं किंवा ठेकेदाराचं वकीलपत्र तुमच्याकडे आहे का?" असेल तर त्यानं त्या दिवशी बोलू नये. तालुका लहान असतो, हे लपत नाही.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला नियम ३६ आठवत असेलच. वकिलाला जाहिरात करता येत नाही, काम मिळवण्यासाठी विनवणी करता येत नाही. म्हणून व्हिजिटिंग कार्डं वाटायची नाहीत, पत्रकावर कार्यालयाचा पत्ता छापायचा नाही, आणि "या उद्या ऑफिसला, बघू" असं व्यासपीठावरून म्हणायचं नाही. पत्रकावर समितीचं नाव आणि विधी सेवेचा १५१०० हा क्रमांक पुरतो.

कागद तीनच करा: कुठल्या त्रासाला कुठलं कार्यालय याचा एक पानी तक्ता, मंडळाकडच्या तक्रारीचा कोरा नमुना, आणि माहिती अधिकाराचा कोरा नमुना. अक्षर मोठं ठेवा. "बहिःस्राव" असं छापलंत तर शेजारी "कारखान्याचं सांडपाणी" हेही छापा.

तपासून घ्या: तक्त्यावरचे पत्ते आणि फोन स्वतः लावून बघितले का? कार्यालयं जागा बदलतात.

टप्पा ५ : शिबिराचा दिवस

दीड तास. त्याहून लांबलं की बायका स्वयंपाकासाठी उठतात आणि पुरुष बिडीसाठी. सत्कार पाच मिनिटांत, एकदाच, सगळ्यांचा. शाल-नारळ नसले तरी कुणाचं काही अडत नाही (हे वकील संघाच्या बैठकीत पटवणं हा या लेखातला सगळ्यात अवघड टप्पा आहे).

सुरुवात कलमानं करू नका, गावच्या ओढ्यानं करा. पहिल्या भेटीत वहीत टिपलेलं वाचून दाखवा. लोक लगेच दुरुस्त्या सुचवतात, तारखा सांगतात, एकमेकांना आठवण करून देतात. ते सगळं लिहून घ्यायला एक जण बसवा. मग पंचवीस मिनिटं कायदा आणि कार्यालयं. त्यानंतर एक पूर्ण अर्ज फळ्यावर, ओळ न् ओळ, लोकांना विचारत लिहायचा.

प्रश्नांसाठी चिठ्ठ्या ठेवा. ठेकेदाराचा भाऊ पहिल्या रांगेत बसला असताना वाळूवर तोंडी प्रश्न कोण विचारील? महिलांसाठी शेवटची वीस मिनिटं वेगळ्या खोलीत, महिला वकिलांबरोबर ठेवा. पाणी त्या भरतात, त्यामुळं पाण्याची नेमकी माहिती बहुतेकदा तिथूनच मिळते.

खबरदारी: कारखान्याचं किंवा माणसाचं नाव घेऊन व्यासपीठावरून आरोप करू नका. जे आहे ते अर्जात, पुराव्यासह.

टप्पा ६ : अर्जाचं टेबल

यासाठीच सगळा खटाटोप. कार्यक्रम संपताच बाहेर दोन टेबलं लावा, प्रत्येकावर एक वकील आणि एक विधी स्वयंसेवक.

तक्रारीत घटना तारीखवार लिहा. "गेल्या दहा वर्षांपासून त्रास आहे" एवढंच लिहिलं, तर पुढं समोरचा वकील हेच वाक्य उचलून मुदत संपल्याची हरकत घेईल. जुना त्रास लपवायचा नाही, पण अलीकडच्या प्रत्येक घटनेची तारीख, वेळ, जागा आणि परिणाम स्वतंत्र लिहायचा. शेवटी मागणी नेमकी: "स्थळपाहणी करून कायदेशीर नमुने घ्यावेत, पाहणीच्या वेळी अर्जदारास हजर राहू द्यावे, अहवालाची प्रत द्यावी."

नमुन्याबद्दल मोठा गैरसमज आहे. कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून आणलेलं काळं पाणी जल अधिनियमाखालचा पुरावा होत नाही. कलम २१ प्रमाणं मंडळाच्या अधिकाऱ्यानं, संबंधिताला नोटीस देऊन, नमुना विभागून, मोहोरबंद करून घ्यावा लागतो. गावकऱ्यांनी फोटो काढावेत, त्यात तारीख आणि ओळखता येईल अशी खूण असावी, आणि मूळ फोटो मोबाईलमधून पुसू नयेत. व्हॉट्सॲपवर फिरून आलेली प्रत दुय्यम.

कारखान्याविरुद्ध थेट न्यायालयात फिर्याद करायची असेल, तर पर्यावरण संरक्षण अधिनियमाच्या कलम १९ नुसार आधी किमान ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. तो निर्णय शिबिरात भरात घेऊ नका.

माहिती अधिकाराचा अर्ज त्याच दिवशी लिहून घ्या. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. लोक दोन पानं व्यथा लिहितात आणि अर्ज परत येतो. मागायचं एवढंच: संमतीपत्राची प्रत, गेल्या दोन वर्षांतले तपासणी अहवाल, नमुन्यांच्या विश्लेषणाचे अहवाल. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही, पण दाखल्याची प्रत जोडा.

तपासून घ्या: प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती आहेत का? अर्जदाराची सही किंवा अंगठा, आणि अंगठा असेल तर साक्षीदार? गट नंबर लिहिला का?

टप्पा ७ : पोच आणि पुढचे तीन महिने

अर्ज गोळा करून वकिलानं स्वतःच्या बॅगेत ठेवू नयेत. ते तसेच पडून राहतात. माझ्याकडे एकदा अकरा अर्ज दिवाळीच्या सुटीभर पडले होते. दुसऱ्याच दिवशी दोन गावकरी आणि एक स्वयंसेवक यांनी कार्यालयात जाऊन ते द्यायचे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. टपालानं पाठवले तर पावती जपायची. पोच नसलेला अर्ज कायद्याच्या लेखी लिहिलेलाच नसतो.

ग्रामपंचायतीत किंवा बचत गटाकडे एक नोंदवही ठेवा: अर्जदार, कार्यालय, आवक क्रमांक, तारीख, पुढची तारीख. माहिती अधिकाराला ३० दिवस. उत्तर नाही आलं तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. मंडळाकडून काहीच हालचाल नसेल तर महिन्यानं स्मरणपत्र, त्यात मूळ आवक क्रमांक. न्यायाधिकरणाची सहा महिन्यांची मुदत घटनेच्या तारखेपासून मोजून लाल शाईनं आधीच लिहून टाका.

प्रकरण न्यायाधिकरणात न्यावं लागलं, तर प्रत्येकाला खासगी वकील करायची गरज नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ खाली महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत विधी साहाय्य मिळतं. अर्जदार म्हणून पुढं कुणाचं नाव द्यायचं, हे ठरवताना याचा विचार करा. ज्याची जमीन किंवा विहीर प्रत्यक्ष बाधित आहे त्याचं नाव हवंच.

साठाव्या दिवशी पुन्हा गावात जा. या वेळी खुर्च्या, ध्वनिक्षेपक काही नको. नोंदवही घेऊन पारावर बसा आणि एकेक आवक क्रमांक वाचा. कुठं पाहणी झाली, कुठं नुसतं "आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठवला आहे" असं पत्र आलं, कुठं काहीच नाही. समितीला पाठवायच्या अहवालात उपस्थितीच्या आकड्याखाली हे तीन आकडेही लिहा. आणि ओढ्याकडे जाऊन या. गुरं पाण्याला तोंड लावतात का, ते आजोबांनाच विचारा.